थोरलीच्या कडेवर कोण?

(एका गावी भरलेल्या दांपत्य मेळाव्यात आरोग्य सेविकेने केलेले भाषण)



कुटुंबनियोजनाचे भाषण म्हटले की लोक आधीच ओळखून बसतात. आता बाई लोकसंख्या सांगणार, धान्य किती पिकते आणि खाणारी तोंडे किती ते सांगणार, मग चहा होणार आणि आपण घरी जाणार. मी आज त्यातले काही सांगणार नाही. देशाचा हिशेब करायला दिल्ली-मुंबईत माणसे बसलेली आहेत. मला तुमच्या घरातल्या एकाच माणसाविषयी बोलायचे आहे. ते माणूस आज मेळाव्याला आलेले नाही. तुम्ही दोघे इकडे निघालात, तेव्हा धाकट्यांना सांभाळायला म्हणून ते घरी थांबले आहे.

तुमचे थोरले लेकरू. बहुतेक घरांत ती मुलगी असते, आणि मुलगा थोरला असला तरी घर सांभाळायची पाळी त्याच्या पाठच्या बहिणीवर येते. म्हणून मी थोरली असेच म्हणत जाईन. दादांविषयीही बोलणार आहे, पण नंतर.

या थोरलीचे शाळेच्या दाखल्यावर छानसे नाव असते. बारशाला आत्याने कानात सांगितलेले. पाठचे भावंड बोलू लागले की ते नाव मागे पडते. ती आक्का होते, ताई होते. “आक्के, याला घे.” “आक्के, चुलीकडे बघ.” “आक्के, तू मोठी ना? मग दे त्याला.” पाच वर्षांची पोर, तिचे दुधाचे दातसुद्धा अजून पडलेले नसतात, पण घरात ती मोठी ठरते. तिच्या हातातला भाकरीचा तुकडा धाकट्याने मागितला तर तिने द्यायचा, आणि धाकट्याने मारले तर तिने सोसायचे.

आता माझ्याबरोबर बोटांवर एक हिशेब करा. कागद-पेन्सिल लागत नाही.

समजा, तुमची थोरली आज जन्मली. नंतर दर दोन वर्षांनी पाळणा हलला आणि थोरली धरून सहा लेकरे झाली. मूल तीन वर्षांचे होईपर्यंत त्याच्यावर कुणाचे तरी सतत लक्ष लागते. चालते झाले की सुटलो असे आपण म्हणतो, पण चालते झाल्यावरच ते चुलीकडे, आडाकडे, गोठ्यात बैलाच्या पायाशी जाते. तर थोरली दोन वर्षांची असताना दुसरे आले. चार वर्षांची असताना तिसरे. सहाव्या वर्षी चौथे, आठव्या वर्षी पाचवे, दहाव्या वर्षी सहावे. हे सहावे तीन वर्षांचे होईल तेव्हा थोरली किती वर्षांची असेल? तेरा. म्हणजे पहिलीत नाव घातल्या दिवसापासून सातवी-आठवीपर्यंत घरात सांभाळायचे मूल नाही असा एकही दिवस त्या पोरीला मिळाला नाही. कडेवरचे एक उतरले की दुसरे चढले. आणि तेरा वर्षांची झाली की आपण काय म्हणतो? “पोर वयात आली, आता शाळा पुरे.”

आता दुसरा हिशेब करू. दोनच लेकरे, मध्ये तीन वर्षांचे अंतर. धाकटे आले तेव्हा थोरली तीन वर्षांची, अंगणवाडीत जाण्याजोगी. धाकटे तीन वर्षांचे होऊन अंगणवाडीत जाऊ लागते, त्याच वर्षी थोरली सहा वर्षांची होते आणि पहिलीत जाते. तिचे बोट धरून धाकटे अंगणवाडीपर्यंत जाते आणि ती पुढे शाळेत. तिच्या कडेवर कुणी नाही. पाठीवर फक्त दप्तर.

आई-बाप तेच, घर तेच, जमीन तितकीच. पहिल्या घरातल्या थोरलीची सात वर्षे गेली, दुसऱ्या घरातल्या थोरलीची राहिली. लोक मला विचारतात, “बाई, तीन वर्षांचे अंतर कशाला हवे, दीड-दोन वर्षांत काय बिघडते?” त्यांना मी हाच हिशेब करायला लावते.

मी स्वतः सात भावंडांतली थोरली. आमचे घर दुःखी नव्हते, हे आधीच सांगते. सणाला पंगत बसली की ओसरी भरून जाई. थंडीत एका वाकळेत चौघे झोपायचो, ऊब भरपूर. मोठ्या घरात गंमत असते आणि भावंडांची माया आयुष्यभर पुरते, हे मी नाकारणार नाही. पण त्या पंगतीत वाढायला कोण असे, ते मला माहीत आहे. आठव्या वर्षी मी काठवटीसमोर बसले. ज्वारीची भाकरी थापायला तळहात मोठा लागतो. माझी भाकरी माझ्या हाताएवढीच व्हायची आणि चुलते हसायचे, “ही बाहुलीची भाकरी कुणासाठी?” अभ्यास म्हणजे पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी बांधायची आणि पुस्तक मांडीवर घ्यायचे. दोरी थांबली की झोळीतले रडे, दोरी ओढत राहिले की वाचता वाचता ओळ सुटे.

आमचे गुरुजी भले गृहस्थ होते. धाकट्याला कडेवर घेऊन गेले तरी वर्गात बसू देत. पण तान्हे मूल वर्गात गप्प बसेल होय? पाढे म्हणायची वेळ झाली की ते नेमके रडायचे आणि मी त्याला घेऊन बाहेर ओट्यावर. आतून पाढ्यांचा आवाज यायचा, मधले आकडे वाऱ्यावर जायचे. सतराचा पाढा मला आजही अडखळतो.

सहाव्या भावंडाच्या वेळी आई फार अशक्त झाली. बाळंतपणानंतर दोन महिने तिला धड उभे राहवत नव्हते. मी अकरा वर्षांची होते. त्या वर्षी शाळा सुटली ती दोन वर्षे सुटली. पुढे मावशीने मला तिच्या गावी नेले म्हणून शिकले आणि आज तुमच्यापुढे उभी आहे. मावशीला दोनच लेकरे होती, म्हणून तिच्या घरात माझ्या अंथरुणापुरती जागा होती आणि तिच्या कमाईत माझ्या पुस्तकांपुरते पैसे होते.

आईला मी कधी दोष दिला नाही. तिला कुणी विचारलेच नव्हते आणि कुणी सांगितलेही नव्हते. मी नर्स झाल्यावर एकदा ती मला म्हणाली, “अगं, अंगावर पाजत होते, पाळी आलेलीच नव्हती, मला वाटायचं आता काही होत नाही. मग चौथ्या-पाचव्या महिन्यात पोट दिसायला लागायचं.” भगिनींनो, तुमच्यापैकी किती जणींना असे वाटते? मान हलवू नका, मनात म्हणा. बाळंतपणानंतर पाळी येण्याच्या आधी बीज तयार होते. म्हणून पाळी न येताही दिवस राहू शकतात. अंगावर पाजल्याने दिवस राहात नाहीत हे खरे आहे, पण तीन गोष्टी एकत्र असतील तरच: मूल सहा महिन्यांच्या आतले असले पाहिजे, त्याला आईच्या दुधाशिवाय काही म्हणजे काही, वरचे पाणीसुद्धा, दिले जात नसले पाहिजे, आणि आईची पाळी आलेली नसली पाहिजे. यांतली एक जरी सुटली तरी भरवसा संपला.

पाठोपाठ बाळंतपणे झाली की आईचे रक्त भरून येत नाही. पहिल्याने घेतले ते अंगात परत जमा व्हायच्या आत दुसरे मागू लागते. मग मूल कमी वजनाचे होते, अडीच किलोच्या खाली. कमी वजनाचे मूल सारखे आजारी पडते, आजारी मूल जास्त रडते, जास्त कडेवर राहते. कुणाच्या कडेवर? आई अंथरुणावर किंवा रोजावर. आईचा अशक्तपणा फिरून थोरलीच्या कमरेवर येतो तो असा.

पोरीने घरात हात लावायचाच नाही असे माझे म्हणणे नाही. सात-आठ वर्षांच्या मुलीने धाकट्याला खेळवावे, पाणी द्यावे, त्यात तिचेही मन रमते. पण धाकट्याला खेळवणे वेगळे आणि धाकट्याची आई होणे वेगळे. आई संध्याकाळी पाचला शेतावरून येणार, तोवर एक जुलाब होणारे मूल आठ वर्षांच्या पोरीच्या हवाली. त्या पोरीला काय कळणार की मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, म्हणजे अंगातले पाणी संपत आले? तिला जलसंजीवनी कशी करायची ठाऊक नाही. तिला वाटते, झोपले. अशा घरी आम्ही संध्याकाळी गेलेलो आहोत. पुढचे मी सांगत नाही. एवढेच सांगते की त्या घरात नंतर कितीतरी वर्षे लोक त्या पोरीला म्हणत, “तुझ्याकडे दिलं होतं ना?”

इथे कुणीतरी म्हणेल, “ज्याने चोच दिली तो चारा देईल.” माझ्या सासूबाईही म्हणायच्या. चारा देवाने दिला असेल, पण तो आणायला, शिजवायला आणि भरवायला थोरलीला उठवले जाते, ते मी पाहिले आहे. दुसरे कुणी म्हणेल, “तोंड एक असले तरी हात दोन असतात, शेतीला माणसे लागतात.” लागतात, खरे आहे. पण तोंड पहिल्या दिवशी उघडते आणि हात कामाला यायला पंधरा वर्षे लागतात. ती पंधरा वर्षे थोरल्याचे दोन हात अडकून पडतात. शिवाय जमिनीचे काय? सहा एकर रान तिघा भावांत वाटले तर दोन-दोन एकर. त्यांच्याही घरी तीन-तीन झाले तर वाट्याला एकर धड येत नाही. मग हात जास्त आणि बांध जास्त, पीक मात्र तेवढेच.

म्हाताऱ्या माणसांचे एक म्हणणे मात्र मी मान खाली घालून ऐकते. ते म्हणतात, “आमच्या काळी सहा झाली तेव्हा चार हाती लागली.” ते अडाणी होते म्हणून सहा झाली असे समजू नका. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर १००० मुलांपैकी १२९ मुले वर्षाच्या आत दगावत. इतक्या घरांत पाळणा रिकामा होत असेल तर माणूस चार जास्त मागणारच. २०२० साली हाच आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात तर १६ वर. लस आली, दवाखान्यात बाळंतपणे होऊ लागली. गेलेल्यांची भरपाई म्हणून जास्त मुले, हे कारण आता उरले नाही. लोकांनीही ते ओळखले आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी दोनाहूनही कमी मुले आढळली. तेव्हा सहा-सहा लेकरांची घरे आता थोडी आहेत, हे मला माहीत आहे. पण मुलाची वाट पाहात चार मुली झालेली घरे याच पंचक्रोशीत आहेत. दीड-दीड वर्षाने तीन मुले झालेली तर कितीतरी आहेत. त्या घरांतल्या थोरलीचा हिशेब तुम्ही आता स्वतःच करू शकता.

मुलाची वाट पाहण्याविषयी दोन शब्द बोलते, रागावू नका. मुलगा होणार की मुलगी, हे पुरुषाच्या बीजावर ठरते. बाईचा त्यात काडीचा दोष नाही, म्हणून तिला बोल लावू नये आणि दुसरी बायको करायच्या गोष्टी तर तोंडातूनही काढू नयेत. गर्भ मुलाचा की मुलीचा हे तपासणे गुन्हा आहे, १९९४ पासून तसा कायदा आहे. आणि वंशाच्या दिव्याची वाट पाहताना पहिल्या मुलीला आपण “पहिली बेटी धनाची पेटी” म्हणतो, मग पाठच्या तिघींचे धुणे तिच्याकडून धुऊन घेतो. पेटीचा उपयोग असा करायचा असतो काय?

आता दादाकडे येऊ.

थोरला मुलगा असला तर त्याच्या कडेवर मूल नसते, डोक्यावर कर्ज असते. बापाचे वय होत आलेले, पाठीमागे दोन बहिणी लग्नाच्या, एक भाऊ शाळेत. नववीत असताना त्याला कळते की आपल्याला पुढे शिकायचे नाही. त्याला कुणी तसे स्पष्ट सांगत नाही. एक दिवस बाप म्हणतो, “औंदा जरा हात दे.” ते औंदा मग दर साल येते. आपल्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या तुम्ही पाहता. दिवाळीच्या सुमारास गाड्या भरतात आणि गुढी पाडव्याच्या आगेमागे परत येतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला उचल कमी, म्हणून अठरा-एकोणीस वर्षांच्या दादाचे लग्न लावून देतात, कोयता पुरा व्हावा म्हणून! लग्नाला मुलगा २१ वर्षांचा आणि मुलगी १८ वर्षांची पाहिजे, हा कायदा १९७८ पासून आहे. पण मुकादमाच्या वहीत वयाचा रकाना नसतो.

आणि त्या दादाला मिळणारी बायको कोण? ती दुसऱ्या कुठल्या तरी गावची थोरली असते. “हिचे उरकले की धाकटीचे बघता येईल, मागे तिघी रांगेत आहेत” असे म्हणून उरकलेली. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी शंभरात सुमारे २२ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. सहा वर्षांपासून मुले सांभाळून ही मुलगी सतराव्या वर्षी सासरी येते आणि अठराव्या वर्षी तिच्या कडेवर पुन्हा मूल असते. या खेपेला तिचे स्वतःचे. टोळीबरोबर फडावर गेली तर तेही बरोबर. दोन वर्षांनी दुसरे. मग फडावर, पालात, कोण सांभाळते? तिची थोरली. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना माझे सांगणे आहे की शाळेत चौकशी करा, हंगामी वसतिगृहाची सोय असते. थोरलीला तिथे ठेवता येते. पण धाकटे तान्हे असले की तुम्ही तिला बरोबर नेता, हे मला ठाऊक आहे. म्हणून वसतिगृहाच्या आधी अंतराचा विचार करावा लागतो.

आता उपाय. हे काही सरकारने काल काढलेले खूळ नाही. मुंबईत १९२१ साली र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून या विषयासाठी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, लोकांची बोलणी खात. सरकारी कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. तेव्हापासून साधने पुष्कळ सुधारली आहेत.

पहिले मूल लहान आहे, दुसरे उशिरा हवे, अशा जोडप्यांसाठी तांबी चांगली. बाळंतपण दवाखान्यात झाले तर ४८ तासांच्या आत तिथेच बसवता येते, पुन्हा यायला नको. एक प्रकार पाच वर्षे चालतो, एक दहा वर्षे. पण नको वाटेल त्या दिवशी काढून घेता येते आणि मग दिवस राहू शकतात. सुरुवातीचे काही महिने अंगावरून थोडे जास्त जाते, पोटात कळ येते. हे मी लपवत नाही, कारण न सांगता बसवली की बाई घाबरते आणि गावभर तांबीची बदनामी होते. तांबी पोटातून काळजाकडे चढते असे एका आजीने मला सांगितले होते. गर्भाशय ही बंद पिशवी आहे, तिथून काळजाकडे वाट नाही.

‘अंतरा’ हे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा. पाळी पुढे-मागे होते किंवा येतच नाही, त्याने अंगात रक्त साचत नाही. इंजेक्शन सोडल्यावर पुन्हा दिवस राहायला काही महिने लागतात, तेवढे लक्षात ठेवा. ‘छाया’ ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दोन वारी घ्यायची, नंतर आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. ‘माला-एन’ रोजची गोळी आहे, ती मात्र मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत पाजणाऱ्या आईने घेऊ नये. आणि निरोध तर तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. हसू नका! त्याने रोगापासूनही बचाव होतो, हे दुसऱ्या कुठल्याच साधनाने होत नाही. यांतले कुठले कुणाला योग्य, ते तपासून ठरवायचे असते. शेजारणीला मानवले म्हणून तुम्हाला मानवेलच असे नाही.

बंधूंनो, मुले पुरी झाली असतील तर आता तुमच्याशी बोलते. नसबंदी म्हटले की तुम्ही बायकोकडे बोट दाखवता. २०१९ ते २०२१ च्या पाहणीत देशातल्या दर १००० जोडप्यांमागे बायकांच्या शस्त्रक्रिया ३७९ आढळल्या. पुरुषांच्या किती असतील? तीन. आणि यातली अवघड शस्त्रक्रिया बाईची आहे, पोट उघडावे लागते. पुरुषाची बिनटाक्याची आहे, पाव तासात होते आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. दोन दिवस विश्रांती, साधारण आठवड्याने सायकल, नांगर, ओझे सगळे. फक्त बीज नेणारी नळी बंद होते. ताकद, मिशी, मर्दानगी सगळे जिथल्या तिथे राहते. मला एका शेतकऱ्याने विचारले होते, “बाई, बैल खच्ची केल्यावर मऊ होतो, तसं नाही ना होणार?” भला माणूस, निदान तोंडाने विचारले तरी. त्याला सांगितले तेच तुम्हाला सांगते: बैलाचे अंड निकामी करतात, इथे त्याला हातही लावत नाहीत.

जुन्या लोकांच्या मनात १९७६ सालची भीती आहे. त्या वर्षी आणीबाणीत देशात ठिकठिकाणी सक्तीने नसबंदी केली गेली, माणसे शेतातून उचलून नेली गेली. ते झाले, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. आज मात्र तुमची इच्छा आणि तुमची सही-अंगठा असल्याशिवाय कुठलीही शस्त्रक्रिया होत नाही. कुणी दमदाटी केली तर ती तक्रार करण्याची गोष्ट आहे.

सासूबाईंना एक विनंती. सून पहिल्या बाळंतपणानंतर आमच्याकडे यायची म्हटली तर तुम्ही “आणखी एक होऊ दे, मग बघू” म्हणता. तुमच्यातल्या बऱ्याच जणी स्वतः थोरल्या आहात, मघाशी झोळीची दोरी सांगितली तेव्हा कितीजणी एकमेकींकडे पाहात होत्या ते मला इथून दिसले. तुम्हाला काही समजावून सांगायची गरज नाही. सुनेबरोबर तुम्हीच या.

उपकेंद्रावर नर्सबाई असतात, गावात आशाताई आहेत. नवरा-बायको दोघे एकदम आलात तर उत्तम. एकट्याने यायचे असेल तर एकट्याने या, बोललेले बाहेर जात नाही. निरोध आणि गोळ्या आशाताईंकडे आहेत. तांबी आणि इंजेक्शन उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेल. शस्त्रक्रियेचा दिवस कुठला ते तिथे विचारा, त्याचे पैसे पडत नाहीत, उलट बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कम मिळते. पुरुषाची नसबंदी झाल्यावर लगेच काम फत्ते झाले असे समजू नका. नळीत आधीचे बीज उरलेले असते. म्हणून तीन महिने निरोध वापरायचा, मग धातू तपासून घ्यायचा, आणि तपासणीत बीज नाही असे लिहून मिळाले की मगच निरोध सोडायचा.